पोट, दंड आणि मांड्या : वजन उतरल्यावर सुटलेली कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा दीड वर्षानंतरचा अभिप्राय

आधी निकाल सांगते. पोटाची शस्त्रक्रिया शंभर टक्के वसूल, उद्या वेळ आली तर परत करीन. दंडांची केली, पस्तावा नाही, पण कुणी विचारलं तर लगेच हो म्हणणार नाही. मांड्यांना मी नको म्हटलं आणि अजूनही नकोच म्हणते.

एकाच बाईचे तीन जागांसाठी तीन वेगळे निकाल का, ते सांगायला हे लिहितेय. मी शोधत होते तेव्हा "रिझल्ट मस्त आला" किंवा "व्रण फार घाण राहिले" एवढंच वाचायला मिळायचं. व्रण कुठं, किती लांब, कपड्याखाली जातो का, आणि त्याच्या बदल्यात नेमकं काय मिळालं, हे कुणी लिहीतच नव्हतं. रुग्णालय पुण्यातलं, खासगी. त्याचं नाव घेत नाही. मला परीक्षण करायचंय ते शस्त्रक्रियेचं, आणि तिथल्या काही गोष्टींबद्दल तक्रारही आहे.

मी सांगलीत ब्लाउज शिवते. २०२१ मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा वजन ११८ किलो होतं, उंची १५८ सेंटिमीटर. पुढच्या दीड वर्षात ते ६९ वर आलं आणि तिथंच टिकलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, गुडघे सुटले. पण कातडी वजनाबरोबर गेली नाही. कातडीत ताणून परत जागेवर येणारे तंतू असतात. वर्षानुवर्षं ताणलेले राहिले की ते तुटतात, स्ट्रेच मार्क ही त्याचीच खूण. तुटलेले तंतू व्यायामानं जुळत नाहीत, तेलमालिशनं जुळत नाहीत आणि महागड्या क्रीमनंही नाही. वय, किती वर्षं वजन होतं, किती उतरलं, बाळंतपणं किती, यावर कातडी किती सुटणार ते ठरतं.

लोकांना वाटतं हा नुसता दिसण्याचा प्रश्न. माझ्या सासूबाईंनाही वाटायचं. "अगं, एवढी बारीक झालीस, आता कशाला परत कापून घेतेस?" असं त्या काळजीनंच म्हणायच्या. म्हणून एकदा त्यांना सगळं दाखवलं. मशीनवर बसले की पोटाची घडी मांडीवर उतरायची आणि मशीनच्या फळीला टेकायची. घडीच्या आत घाम कोंडायचा. एप्रिल-मेमध्ये तिथली कातडी लालभडक व्हायची, खाज, मग चिरा, मग वास. बुरशीवरची कॅन्डिड पावडर टाकायची, वर जुन्या सुती साडीची पट्टी घडीत घालून काम करायचं, जेवणाच्या वेळी पट्टी बदलायची. परकराची नाडी घडीच्या वर बांधली तर निऱ्या पुढं येऊन लोंबायच्या, खाली बांधली तर नाडी त्याच लाल जागेत रुतायची. आंघोळीला एका हातानं घडी उचलून धरायची आणि दुसऱ्यानं साबण लावायचा. सासूबाई बघून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पैशाचं काय करायचं ते बघू."

दोन सर्जनांना भेटले. पहिल्यांच्या इथं मला फोटोंचा अल्बम दाखवला, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या सगळ्या फोटोंत बायकांनी अशा बेतानं कपडे घातलेले की व्रण दिसूच नये. मी विचारलं, "टाक्यांची खूण कशी राहते?" तर उत्तर आलं, "अगदी बारीक रेघ, कळणारसुद्धा नाही." मी तिथून उठले. मला सुईदोऱ्याचं कळतं. एवढं मोठं कापून जोडलेलं कळणार नाही, असं होत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी उलट सुरुवात व्रणापासून केली. मला उभं केलं, नर्सला बोलावलं आणि निळ्या मार्करनं माझ्या अंगावर व्रण काढले. कातडी कुठं कापणार ते नाही, सगळं झाल्यावर रेघा कुठं राहतील ते. पोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवी, छातीच्या हाडाखालून खालपर्यंत उभी. दंडांच्या आतल्या बाजूनं कोपरापासून काखेपर्यंत. मी मांड्यांचंही विचारलं होतं म्हणून जांघेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत आतून एक. मग म्हणाले, "ताई, घरी जाऊन आरशात बघा. साडीत बघा, गाऊनमध्ये बघा, कपड्यांशिवाय बघा. पुसलं तर पुन्हा काढा. आणि याहून जाड, याहून काळी रेघ मनात धरूनच ठरवा."

या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. तुम्ही कुठंही जा, एवढं मागून घ्याच. सर्जन काढून देत नसेल तर स्वतः बॉलपेननं काढा. मी नणंदेच्या घरी, कोथरूडला, तिच्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि तिला प्रत्येक बाजूनं फोटो काढायला लावले. पोटावरच्या रेघा बघून मला काहीच वाटलं नाही, त्या परकराच्या आणि ब्लाउजच्या आत. दंडावरची रेघ हात खाली असताना दिसत नव्हती, दोरीवर कपडे वाळत घालताना दिसत होती. मांडीची रेघ कुणालाच दिसणार नव्हती, आणि तरीही तिचाच विचार मला सगळ्यात जास्त करावा लागला. त्याचं कारण पुढं सांगते.

पोटाचे प्रकार समजून घ्या, नाहीतर एक मागाल आणि दुसरंच मिळेल. नुसती लोंबती घडी कापणं, म्हणजे पॅनिक्युलेक्टमी, यात बेंबीखालची झालर जाते. स्नायू आवळत नाहीत, बेंबीच्या वरचं सैल तसंच राहतं. टमी टक म्हणतात त्यात आडवा छेद असतो, पोटाचे फाकलेले स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, वरची कातडी खाली ओढतात आणि बेंबीला नव्या जागी भोक करतात. बेंबी जुनीच, तिची जागा कातडीत नव्यानं कापतात. खूप वजन उतरलेल्यांना त्यात आणखी एक उभा छेद लागतो, त्याला फ्लर-द-ली म्हणतात. आणि पाठ, नितंबही सुटले असतील तर पट्ट्यासारखा कमरेभोवती पूर्ण गोल.

मला उभा छेद का, हे त्यांनी समजावायला सुरुवात केली आणि मीच वाक्य पुरं केलं. ब्लाउज छातीत सैल असेल तर खालची पट्टी कितीही दुमडली तरी उपयोग नाही, बाजूची शिवणच आत घ्यावी लागते. माझं पोट उंचीतही सैल होतं आणि रुंदीतही. आडव्या छेदानं फक्त वरून खाली ओढलं गेलं असतं आणि दोन्ही बाजूंना फुगवटे राहिले असते. उभी रेघ पत्करली की कंबर मिळते. बऱ्याच बायका उभा व्रण नको म्हणून आडव्यावर भागवतात आणि मग सैल राहिलं म्हणून नाराज होतात. बेंबीच्या वरची कातडी चिमटीत धरून बघा. आडवी भरपूर येत असेल तर हा प्रश्न सर्जनला आधीच विचारा.

पण त्याची किंमतही त्यांनी तेव्हाच सांगितली. उभा आणि आडवा छेद जिथं भेटतात, खाली मधोमध, ती सगळ्यात कच्ची जागा. तिन्ही बाजूंनी ओढ आणि रक्तपुरवठा सगळ्यात कमी. "तिथं थोडं उसवेल, असं धरूनच चाला," हे त्यांचे शब्द.

तयारीला तीनेक महिने गेले आणि ते जाऊ द्यावेत असं माझं मत आहे. वजन कमीत कमी सहा महिने स्थिर हवं, बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांनी साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायचं. माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं, बी-१२ कमी, प्रथिनं कमी. पोट लहान झालेल्यांचं असं होतंच. जखम भरून यायला प्रथिनं लागतात, म्हणून अंडी, मटकी, पनीर, ताक आणि व्हे पावडर, असं रोज मोजून खाल्लं. लोहाची सलाईन घेतली. हिमोग्लोबिन १२ झाल्यावरच तारीख मिळाली. आणि एक प्रश्न त्यांनी तीन वेगळ्या वेळी विचारला, "मशेरी लावता का? तंबाखू? कुणी आग्रहानं दिली तरी?" मी लावत नाही. पण माझ्या शेजारच्या खोलीत ज्या बाई यायच्या होत्या त्यांची तारीख मशेरीमुळं पुढं ढकलली. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून जोडलेल्या कातडीच्या कडा काळ्या पडून मरतात. आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे बंद, हा नियम आहे. आपल्याकडं बायका मशेरीला तंबाखूत धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक बारीक गोष्ट मला आवडली. त्यांनी माझ्या डाव्या दंडावरची बीसीजीच्या लसीची खूण बोट फिरवून बघितली, कानाची भोकं बघितली, सिझेरियनचा जुना व्रण बघितला. आपल्या सावळ्या कातडीत व्रण काळा पडण्याचं, जाड होण्याचं आणि केलॉइडचं, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणाऱ्या व्रणाचं, प्रमाण जास्त असतं. ज्यांचे जुने व्रण वाढून फुगलेत त्यांनी दहा वेळा विचार करावा. माझे सपाट होते.

शस्त्रक्रिया जानेवारी २०२४ मध्ये झाली. थंडी मुद्दाम निवडली, कारण नंतर अंगाला घट्ट कॉम्प्रेशन गारमेंट दिवसरात्र घालायचं असतं. सकाळी उभं करून पुन्हा खुणा केल्या. या वेळी खऱ्या, कापायच्या. ते कातडी चिमटीत धरत, सोडत, मागं जाऊन बघत, डावी-उजवी टेपनं मोजत. भूल देण्याआधीची भीती माझी तिथंच गेली. गिऱ्हाईकाला उभं करूनच माप घ्यायचं, झोपवून घेतलेलं माप खोटं येतं. ते कळणारा माणूस समोर होता.

आतलं काम त्यांनी नंतर सांगितलं. सगळा ताण कातडीखालच्या थरावर घेतात, तिथले टाके पक्के आणि हळूहळू विरघळणारे. वरच्या कातडीच्या कडा नुसत्या भेटवायच्या, तिच्यावर ओढ येऊ द्यायची नाही. ओढ आली की व्रण रुंद होतो. काखेत रेघ सरळ न नेता झेडसारखी मोडतात, कारण सरळ व्रण आकसला की हात वर जाताना दोरीसारखा ओढतो. आम्हीही मुंढ्याच्या गोलाईला कट मारतो ते याचसाठी.

पहिला आठवडा कठीण गेला, उगाच गोड करून सांगत नाही. पोटातले स्नायू आवळलेले, त्यामुळं सरळ उभं राहता येत नाही, कमरेत वाकूनच चालायचं. झोपताना पाठीला उशा, गुडघ्याखाली उशा. दोन्ही दंड बांधलेले, म्हणजे उठताना हातावर जोर द्यायची सोय नाही. पोट आणि दंड एकत्र करणार असाल तर घरात एक पूर्णवेळ माणूस पाहिजेच. माझी धाकटी जाऊ येऊन राहिली. तिनं माझे केससुद्धा विंचरले. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळीच चालवतात, पोटऱ्यांना हवेच्या पट्ट्या लावतात, रक्त पातळ राहायची इंजेक्शनं देतात. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेत पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघायची नाही. व्रणाची चर्चा करताना हा धोका विसरला जातो, म्हणून सांगितलं.

पोटाच्या दोन्ही बाजूंनी ड्रेनच्या नळ्या होत्या. त्यांच्या बाटल्यांत जमलेलं पाणी मोजून मापाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायचं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. दिवसाला ३० मिलीच्या खाली आल्यावर एकेक नळी काढली. नंतर पुन्हा थोडं पाणी साचलं, ते सुईनं काढलं. याला सेरोमा म्हणतात आणि तो बऱ्याच जणांना होतो.

आणि तिसऱ्या आठवड्यात ती मधली जागा उसवलीच. रुपयाच्या नाण्याएवढी. आधी सांगितलेलं असल्यामुळं मी घाबरले नाही. ड्रेसिंग करत करत ती आतून भरून आली. आज माझ्या पोटावरच्या व्रणाचा सगळ्यात रुंद आणि चकचकीत भाग तोच आहे.

आता व्रण, माझ्या टेपनं मोजून. आडवा ६२ सेंटिमीटर, उभा ३०, प्रत्येक दंडावर २२. सुरुवातीला बारीक रेघ असते आणि आपण खूश होतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती लाल, कडक, उंच व्हायला लागते. खूप बायका इथं हाय खातात. व्रण पिकायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, त्याआधीच्या फोटोवरून कुणाचंच काम चांगलं किंवा वाईट ठरवू नका. सर्जनकडंही वर्षानंतरचे फोटो मागा, आपल्या वर्णाच्या माणसांचे, साध्या उजेडातले.

जखम पूर्ण बंद झाल्यावर मी सिलिकॉनची पट्टी पोटाला आणि सिलिकॉन जेल दंडांना वापरलं, निदान तीन महिने सलग. पट्टी दिवसाचे बारा तास तरी हवी. गरमीत घामानं सुटते, म्हणून मी ती रात्री लावायची. दंडांना ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर व्रण कायमचा काळपट होतो. स्कूटरवर मी पूर्ण बाह्यांचा सुती कोट घालते आणि सनस्क्रीन. पोटाचा आडवा व्रण आता कातडीपेक्षा थोडा गडद, सपाट आहे, परकराच्या नाडीखाली बसतो. उभा त्याहून फिकट. उजव्या कमरेला आडव्या व्रणाच्या टोकाशी थोडी कातडी उभी राहिली होती. ब्लाउजच्या टक्सचं टोक नीट मिटलं नाही की जसं होतं तसं. वर्षानंतर तेवढ्याच जागेला भूल देऊन त्यांनी ती काढली, वेगळे पैसे घेतले नाहीत.

दंडांचं वेगळं झालं. डावा व्रण चांगला. उजवा मधेच जाड आणि खाजरा झाला, कदाचित कात्री चालवणारा हात म्हणून. त्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागली. ती दुखतात, आणि व्रण बसला तरी तिथली रेघ आजही तपकिरी आणि बोटाला जाणवणारी आहे. दंडाचे व्रण पोटापेक्षा उशिरा आणि कमी चांगले बसतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी बधिरता राहिलीय. मिळालं काय? दंडाचा घेर खूप कमी झाला, बाही दोन्ही हातांना एका मापाची बसते, काखेत घासून होणारे फोड गेले. पण बिनबाह्यांचं घालायचं म्हणून कुणी दंड करून घेणार असेल तर मी थांबवीन. लोंबतं जातं आणि त्या जागी रेघ येते, हात वर केला की दिसते. माझ्या बाह्या कोपरापर्यंतच असतात, म्हणून मला चालतं.

पोटाचं मोजमाप मात्र वेगळ्याच पातळीवर आहे. कापून काढलेली कातडी तीन किलोच्या आत भरली, म्हणजे वजनकाट्यावर फार फरक नाही. पण गेल्या दोन उन्हाळ्यांत पावडरची डबी उघडली नाही. मशीनवर सरळ बसते. नाडी जिथं बांधायची तिथं बांधते. स्नायू जवळ आणल्यानं कंबर दुखायची ती कमी झाली. बेंबीखाली हाताएवढ्या जागेत स्पर्श बोथट आहे, तो राहील असं दिसतंय. स्ट्रेच मार्क सगळे गेले नाहीत, वरचे होते ते खाली आले. एवढं सगळं धरूनही ९२ सेंटिमीटर रेघ मला स्वस्त वाटते.

पुण्यातच १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक एका स्थानिक वैद्यानं कपाळाची कातडी वापरून परत उभं केलं होतं. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं चित्र छापून आलं आणि युरोपातले डॉक्टर ते शिकले. डॉक्टरांच्या खोलीत ते चित्र लावलेलं आहे. त्यात नवं नाकही आहे आणि कपाळावरचा व्रणही. तो झाकलेला नाही. मी तिथं बसून ते चित्र पुष्कळ वेळ बघितलं.

आता तक्रारी. मला लेखी सांगितलेला आकडा ३,४०,००० होता. बिलात ४,०१,२०० आले. ६१,२०० जीएसटी, १८ टक्के. उपचारांवर सहसा जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीत येत नाही. जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा यांसाठी केलेली असेल तरच येते. कायदा आहे तर आहे, पण हे आधी सांगायची जबाबदारी काउंटरची होती. सरळ विचारा, "हा आकडा करासकट आहे का?" कॉम्प्रेशन गारमेंट त्यांच्याच दुकानातून घ्यायला लावलं, माप चुकीचं दिलं, बदलून देताना कटकट केली. मापाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, म्हणून बदलून मिळालं. दुसऱ्या कुणी तेच घट्ट गारमेंट घालून काढलं असतं आणि कडांवर वळ पाडून घेतले असते.

विम्यानं नाही म्हटलं. कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळण्याचं कलम सगळ्या पॉलिसींत सारखंच आहे. अपवाद अपघात, भाजणं, कर्करोग आणि तब्येतीचा थेट, तातडीचा धोका टाळण्यासाठी डॉक्टरांनी गरजेचं ठरवलेला उपचार यांचा. मी घडीतल्या चट्ट्यांचे फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. मंजूर झालं नाही, तरी तुम्ही कागद जमवत राहा, अर्ज कराच. खर्च झेपत नसेल तर मुंबईत केईएम आणि सायनसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथं जाऊन विचारा. कुठंही गेलात तरी सर्जनची पदवी बघा. एमसीएच किंवा डीएनबी, आणि ती प्लास्टिक सर्जरीतलीच हवी.

हे आत्ता लिहायचं आणखी एक कारण. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन आपल्याकडं आलं, आणि माझ्याकडं ब्लाउज आत घ्यायला येणाऱ्या बायका वाढल्या. परवा एक वहिनी आल्या, चार महिन्यांत दोन मापं उतरलेल्या. बाही आत घेता घेता हळूच दंड धरून म्हणाल्या, "हे पण आत घेता येतं का हो?" मी त्यांना आधी वजन थांबू द्या म्हटलं. अजून उतरत असताना कातडी कापली तर ती पुन्हा सैल पडते.

राहिल्या मांड्या. तिथली रेघ कुणाला दिसत नाही, मग नको का? कारण ती बरोबर घासणाऱ्या जागेवर येते. आतल्या बाजूला, घामात, चालताना प्रत्येक पावलाला. जांघेतली जखम उसवण्याचं प्रमाण जास्त, व्रण खाली सरकून जांघेला ओढ बसू शकते, पाय सुजू शकतात. आणि मला तिथं त्रास फक्त घासण्याचा होता, पोटासारखा सडण्याचा नाही. घासणं थांबवायला कापून घ्यायची गरज नव्हती. मी होजिअरीच्या सुती कापडाच्या गुडघ्यापर्यंतच्या शॉर्ट शिवल्या, साडीखाली घालायला. आतली शिवण पूर्ण काढून टाकली, एकच शिवण बाहेरच्या बाजूला घेतली आणि जांघेच्या जागी चौकोनी तुकडा लावला म्हणजे मधे चार शिवणी एकत्र येत नाहीत. कमरेला रबर रुंद, दोन इंची, म्हणजे ते माझ्या आडव्या व्रणावर न बसता वर बसतं. बाजारात मिळतात त्यांत आतून जाड ओव्हरलॉक असतो, तो टोचतो. घेताना उलट्या करून बघा.